दहा ग्रॅमचा दोरा

हीदरच्या हातात नायलॉनचा आखूड दोरा आहे,
दहा ग्रॅमचा भार झाला की वाकणारा.
"डोळे मिटा. लागलं की हो म्हणा."
शरयू डोळे मिटते.
दोरा अंगठ्याला टेकतो, वाकतो. शरयू गप्प.
चवड्याला टेकतो. गप्प.
मग हीदर काहीच करत नाही, हात मागे घेऊन थांबते,
आणि शरयू म्हणते, "हो."

मी भिंतीवरचं पायाच्या हाडांचं चित्र बघत बसतो.
एक्केचाळीस वर्षं ती असंच हो म्हणत आली,
समोरच्याला बरं वाटावं म्हणून.

जखम डाव्या तळव्याला, पौंडाच्या नाण्याहून थोडी लहान.
बुटात बटण पडलं होतं, माझ्याच शर्टाचं.
त्यावर ती तीन दिवस चालली,
बाजारात, देवळात, दोन्ही हातांत भाजी घेऊन चढावरून घरी.
मोज्यावरचा डाग बघून म्हणाली, चहा सांडला असेल.

माझे वडील पाटणला वैद्य होते.
मी फिटर झालो, डार्बीत रेल्वेच्या डब्यांना दारं बसवली,
तरी जात्यादी तेल अजून तोंडपाठ:
चमेलीचा पाला, कडुनिंब, कडू पडवळ, करंज,
ज्येष्ठमध, हळद, मंजिष्ठ, मेण,
आणि चिमूटभर मोरचूद.
तिळाच्या तेलात, मंद आचेवर,
कल्काची वात जाळावर तडतडायची थांबेपर्यंत.

नॉर्मंटन रोडला कडुनिंब मिळाला, बर्फात थिजलेला.
चमेली शेजारच्या मिसेस ओल्डनॉलच्या कुंपणावरून, विचारून;
ती चमेलीच होती का, देव जाणे.
स्वयंपाकघरातला धुराचा भोंगा दोनदा ओरडला.
अकरा दिवस लावलं,
दवाखान्याच्या पट्टीखाली, लपवून.

हीदरनं पट्टी सोडली. पिवळं बघितलं.
रागावेल वाटलं. तिनं कागद ओढला:
"यात काय काय आहे?"
मी सांगत गेलो, ती कानाला येईल तसं लिहीत गेली.
मोरचुदाला मला शब्द सापडेना.
निळा खडा, म्हटलं. तांब्यापासूनचा.
पेन थांबलं.
"हे नको, मिस्टर शिंत्रे."
कागदी मोजपट्टी जखमेशी धरली:
मागच्या वेळी एकोणीस मिलिमीटर, आज बावीस.

वडिलांचा पहिला प्रश्न असायचा, कुठं दुखतं?
सगळी वैद्यकी तिथून सुरू.
हिला कुठंच दुखत नाही.
पोथीचं पुढचं पान मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग हीदरनं ड्रॉवरमधून काढला
मध.
खरंच मध, जाळीदार कापडात भिजवलेला,
पाकिटावर तारीख छापलेला.
मला हसू आलं, बाबांना दाखवावंसं वाटलं.
"यानं भरेल?"
"पाय टेकला नाही तर कशानंही भरायची आशा आहे," ती म्हणाली,
आणि एक करडा, बेढब बूट पुढे ठेवला.

टेकू नको, हे शरयूला सांगायचं!
बिस्किटांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं
पट्ट्यासमोर उभं राहून जिनं घराचे हप्ते फेडले.
आता ती सोफ्यावरून हुकूम सोडते,
आणि मी भाकरी थापतो. नकाशे होतात.

तेलाला हीदरनं एक जागा दिली:
उजवा पाय, जिथं कातडी धड आहे तिथं,
मोरचूद वगळून, बोटांच्या बेचक्यांत नाही.
रोज रात्री मी तिच्या पायाशी बसतो.
लग्नानंतर दर दिवाळीला ती वाकायची, मी उभा असायचो.
गुडघे कुरकुरतात. टाच भेगाळलेली,
तिच्यावर अजून कारखान्याची फरशी असल्यासारखी.

बाहेर पाऊस नाही, बर्फ नाही, नुसता अंधार, साडेचारपासूनचा.
डाव्याची पट्टी गुरुवारी सुटेल.
गेल्या वेळी एकवीस होते.

मी अजून बाटलीचं बूच काढतोय.
शरयू डोळे मिटून म्हणते,
"हो. लागतंय."